हाकेची नस

“हाक मारता येईल का?” द्वारकेनं विचारलं.

डॉक्टर टिपणीस स्वतःच्याच गळ्यावर बोट ठेवून आम्हाला समजावत होते, ते थांबले. तरणा माणूस, मिरजेत शिकून नुकताच तालुक्याला आलेला, पण सर्जन म्हणून नाव होत चाललं होतं. त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसले.

“हाक काय बाई, भांडतासुद्धा येईल. यजमानांना चालणार आहे का ते विचारा.”

“मला न चालून सांगतोय कुणाला,” मी म्हटलं. “लग्नापासून तेच ऐकतोय.”

एरवी असल्या बोलण्यावर माझ्या दंडाला चिमटा बसला असता. त्या दिवशी द्वारका हसलीसुद्धा नाही. गळ्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला. त्याच्याखाली कवठाएवढी गाठ होती. बरीच वर्षं ती नुसती दिसायला वाईट होती, पण त्या वर्षी ती आत वाढायला लागली. द्वारकेला आडवं पडता येईना. भिंतीला टेकून, उशी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपायची आणि श्वासाची शिट्टी वाजायची. ती शिट्टी ऐकत मी रात्र रात्र जागा राहायचो.

“नीट सांगा डॉक्टर,” ती म्हणाली.

“नीटच सांगतो. ही जी ग्रंथी वाढलीय ती श्वासनळीवर बसलीय. ती काढायला हवी, त्याला इलाज नाही. पण तिच्या पाठीमागून आवाजाची नस जाते. डावीकडं एक, उजवीकडं एक. आता गंमत बघा. ही नस मेंदूकडून निघते, पण सरळ गळ्यात थांबत नाही. गळ्यावरून खाली छातीत उतरते, तिथं मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. मग कुठं ती आवाजाच्या पडद्यांना हलवते.”

“सरळच का नाही जात मेली?” मी विचारलं.

“ते देवाला विचारा. माझं काम तिला धक्का न लावण्याचं. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही दुखावल्या तर आवाज जातो आणि श्वासही कोंडतो. म्हणून मी आधी नस शोधतो, डोळ्यांनी बघतो, मगच गाठ सोडवायला घेतो.” मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं. “वरच्या टोकाला अजून एक असते, फार बारीक. ती आवाज उंच चढवते. ती शोधून सापडेलच असं नाही. पण ती लागते गाणाऱ्यांना. तुम्ही गाता का?”

“नाही,” द्वारका म्हणाली.

खरंच होतं ते. गणपतीच्या आरतीतसुद्धा ही नुसते ओठ हलवायची. मीही मान हलवली. हाक घालणं म्हणजे गाण्यातलाच प्रकार, हे मला तरी कुठं माहीत? आणि पुण्या-मिरजेकडच्या डॉक्टरला हाक म्हणजे काय वाटली असणार? माजघरातून ओटीवर मारतात ती.

बाहेर एसटी स्टँडच्या बाकावर येऊन बसलो आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, “मी नाही कापून घेणार.”

“का?”

“नाही म्हणजे नाही.”

“अगो पण का ते सांगशील की नाही? दुखेल म्हणून?”

“माझ्या माहेरी एकीचं केलं होतं. तिचा आवाज गेला तो गेलाच. फाटक्या भात्यातून वारा जातो तसं बोलते ती.”

“ते कुठल्या काळातलं! हा डॉक्टर नस बघून कापतो म्हणतोय.”

ती स्टँडवरच्या कोंबड्यांकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, “आणि धुक्यात तुम्ही कुठं लागाल?”

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमची शिरवली खाडीच्या अलीकडं, मोहोळे पलीकडं. एसटीचा थांबा, शाळा, रेशनचं दुकान, सगळं मोहोळ्यात. मधे ही रुंद खाडी. भरतीला पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसायचा. होडी माझ्या बापाची, त्याच्यामागं माझी. आता पूल झालाय, पोरं मोटारसायकलवरून भुर्रकन पलीकडं जातात, पण तेव्हा सगळं गाव माझ्या वल्ह्यावर होतं. एसटीच्या वेळेला मी पलीकडं जाऊन थांबायचो. तेवढ्यात अलीकडं कुणी आलं की त्यानं मला ओरडून बोलवायचं. दांडगे दांडगे बाप्ये घसा फोडून ओरडायचे आणि मला ढिम्म ऐकू यायचं नाही. मग ते हात टेकायचे आणि धक्क्यालगतच्या आमच्या दारात यायचे. “वैनी, जरा हाक घाला.”

द्वारका हातातलं काम टाकून यायची, पदर कमरेला खोचायची आणि धक्क्याच्या टोकावर उभी राहून एकच हाक घालायची. “ओऽऽऽऽ!” खालच्या अंगानं सुरू होणारी आणि शेवटाला वर चढत जाणारी. ओरडणं नव्हेच ते. एरवी बोलताना तिचा आवाज चार बायकांसारखाच, पण हाक मात्र पाण्यावरून सरळ चालत यायची. मी पलीकडं जांभळीखाली डुलक्या काढत असलो तरी उठून बसायचो. आणि खोटं कशाला सांगू, कधीकधी मी मुद्दाम उठायचो नाही. पॅसेंजर खोळंबले तर खोळंबू देत. दुसऱ्यांदा यायची हाक, म्हणून पडून राहायचो.

थंडीत पहाटेचं धुकं खाडीवर बसलं की हाताचा पंजा दिसत नसे. ओहोटीची ओढ समुद्राकडं. तांबडा खडक मधेच. तेव्हा ती धक्क्यावर उभी राहून थांबून थांबून हाका घालत राहायची आणि मी होडीचं नाक आवाजाकडं धरायचो. इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं, एक अलीकडं आणि एक पलीकडं, आणि मधे ती हाक.

तर स्टँडवर ती म्हणाली, धुक्यात कुठं लागाल. मला इतका राग आला!

“माझ्या होडीची काळजी तू नको करू. लागेन कुठंतरी. तुझा श्वास कोंडून तू गेलीस तर मी होडी अलीकडं आणू कशाला, ते सांग. त्या रिकाम्या घरात बसायला?”

बाकावरच्या दुसऱ्या दोन बायकांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. द्वारकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हळू बोला हो. करते. पण हळू बोला.”

भुलीचा डॉक्टर शहरातून यायचा. पण द्वारकेची श्वासनळी इतकी चेपली होती की नळी घालून झोपवण्यात धोका होता. शिवाय टिपणीसांची आपली एक पद्धत होती, त्यांच्या गुरूंकडून आलेली. गळ्याला सुया टोचून तेवढीच जागा बधीर करायची, पेशंटला जागं ठेवायचं आणि त्याला बोलायला लावायचं. आवाजात जरा फरक पडला की हात थांबवायचा.

“बोलत राहायचं, बस,” ते म्हणाले होते. “तुमचं बोलणं हाच माझा दिवा.”

मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. थोड्या वेळानं सुमती सिस्टर धावत आल्या. बाई ठेंगणी, तोंडाची फटकळ. “विश्राम कुबल तुम्हीच ना? चला आत.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय! तुमची बायको तोंड उघडत नाही. सुरुवातच करता येईना. आकडे म्हणा म्हटलं तर नाही, देवाचं नाव घ्या म्हटलं तर नुसती मान हलवते. साहेब म्हणतात, नवऱ्याला बोलवा.”

मला हिरवा झगा घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि तिच्या डोक्याशी स्टुलावर बसवलं. टेबल अर्धवट उभं केलं होतं, तिला आडवं पडवत नव्हतं म्हणून. तिच्या हनुवटीपुढं हिरव्या कापडाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं तिचं तोंड आणि मी, पलीकडं तिचा गळा आणि डॉक्टर. तिनं डोळे वर करून बघितलं. फडक्यामुळं ओळखलं नाही बहुतेक.

“मीच आहे गो,” मी म्हटलं.

“कसले दिसताय,” ती म्हणाली.

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. “छान! असंच. थांबू नका.”

आता मला सांगा, जिच्या गळ्यावर सुरी चाललीय तिच्याशी माणसानं काय बोलायचं? मी म्हटलं, “कोंबड्या कुणाकडं ठेवल्यास?”

“बाबल्याच्या बायकोकडं. तुम्हाला माहीत आहे की.”

“ती खाईल एखादी.”

“तिची हिंमत नाही. मोजून दिल्यात.” मग जरा थांबून, “बाबल्या होडी नीट चालवतो ना?”

बाबल्या माझा चुलतभाऊ, आम्ही नसताना होडी त्याच्याकडं. मी म्हटलं, “चालवतो कसली, पाण्याला चापट्या मारतो. काल म्हणे मास्तरांना नखशिखान्त भिजवलंन.”

ती हसायला लागली तसे डॉक्टर ओरडले, “हसवू नका! बोलवा म्हटलं होतं, हसवा नाही.”

मग आम्ही बोलत राहिलो. कशावरही. तिच्या माहेरच्या फणसावर. माझ्या आईनं तिला पहिल्या वर्षी कसं छळलं त्यावर. ती सांगायला लागली की एकदा रागानं ती माहेरी जायला निघाली होती, गाठोडं घेऊन धक्क्यावर आली, पण माहेरी जायचं तर माझ्याच होडीतून जावं लागणार. म्हणून परत फिरली. हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मधेच तिचा चेहरा आक्रसायचा, बोटं माझ्या मनगटात रुतायची, पण तोंड चालू. संसाराच्या इतक्या वर्षांत आम्ही एका बैठकीत एवढं कधी बोललो नव्हतो. मी पलीकडं असायचो ना.

“सापडली,” डॉक्टर एकदम म्हणाले. आवाज खाली आला होता त्यांचा. “उजवीकडची. ही बघा सिस्टर, काय सुंदर आहे. यजमान, बघायचीय? उभे राहा. शिवू नका कशाला.”

मी उभा राहून पडद्यावरून डोकावलो. रक्तामांसाची मला सवय नाही असं नाही, मासे कापण्यात जन्म गेला, पण ते माझ्या बायकोचं होतं. डॉक्टरांनी चिमट्याच्या टोकानं नुसती दिशा दाखवली. श्वासनळीच्या कडेनं पांढरट, ओलसर, शिवायच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड अशी एक रेघ खालून वर येत होती. एवढीशी! छातीपर्यंत जाऊन, वळसा घालून, परत माघारी आलेली. मला भडभडून आलं. एवढ्याशा धाग्यावर ही बाई खाडीपलीकडून मला उठवत होती.

“काय दिसलं?” द्वारकेनं खालून विचारलं.

“तुझी नस.”

“कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हटलं आणि खाली बसलो.

त्यांनी तशीच डावीकडची शोधली. ती जास्त अवघड होती, गाठीला चिकटलेली. बराच वेळ लागला. द्वारका आता दमली होती, शब्द तुटक येत होते. मी काहीतरी विचारणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “यजमान, तुम्ही थांबा. आता मी विचारतो. बाई, तुमचं नाव?”

“द्वारका.”

“गाव?”

“शिरवली.”

“नवऱ्याचं नाव?”

आणि द्वारका गप्प.

“बाई? नवऱ्याचं नाव सांगा.”

काही नाही. ओठ घट्ट मिटलेले. पलीकडं काहीतरी लोखंडी ताटात पडल्याचा आवाज झाला.

“सिस्टर, पुसा इथं. दिवा जवळ घ्या. बाई, बोला! काहीही बोला! द्वारकाबाई!” डॉक्टरांचा आवाज चिरकला होता. “मी तर हातसुद्धा लावला नाही तिला. ओढली गेली की काय? बोला हो बाई!”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, डोळे मोठे करून, अगदी शाळेतल्या पोरीसारखी अडकलेली. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला.

“अहो डॉक्टर!” मी ओरडलो. “ती नाव घेत नाही हो!”

“काय?”

“माझं नाव घेत नाही ती! आमच्यात बायका घेत नाहीत! दुसरं काहीतरी विचारा!”

मग पडद्याच्या अलीकडून द्वारकेचा आवाज आला, स्वच्छ, जरा रागावलेला. “समोर बसलेत की. त्यांनाच विचारा.”

सुमती सिस्टर अशा हसल्या की त्यांना तोंड फिरवून उभं राहावं लागलं. डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. “अहो बाई, माझा जीव घेतला असतात. पुण्यात, मिरजेत सगळ्या बायका पटकन सांगतात. निदान उखाण्यात तरी घ्यायचं!”

“आधी शिवून द्या,” द्वारका म्हणाली. “मग बघू.”

मीही हसलो. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. माझं नाव तिच्या तोंडून कसं लागतं ते मला ठाऊकच नव्हतं. लग्नात उखाणा घेतला होता तोही असा पुटपुटत की करवल्या ‘ऐकू नाही आलं, ऐकू नाही आलं’ म्हणून ओरडल्या आणि त्या गलक्यात मलाही ऐकू आला नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिच्या मनावर ठसवलेलं. गळा उघडा पडला होता, आवाज जाण्याची भीती होती, आणि तरी ही बाई माझं आयुष्य राखत बसली होती. वेडी. ठार वेडी.

त्यानंतर डॉक्टरांनी गाठीचं वरचं टोक सोडवायला घेतलं. तिथं जरा रक्त आलं. “चिमटा. अजून एक. हं, बांधा,” एवढंच ऐकू आलं. मग ते म्हणाले, “झालं. दोन्ही नसा सलामत. बाई, जिंकलात.”

टाके काढायच्या दिवशी त्यांनी तिला ‘ईऽऽ’ म्हणायला लावलं, आरसा घालून घशात बघितलं. पडदे हलत होते. ते खूश, मी खूश. महिनाभर मोठ्यानं बोलायचं नाही असं बजावलं. द्वारका आडवी होऊन झोपायला लागली. पहिल्या दिवशी ती उताणी झोपली आणि मी नुसता बघत बसलो. शिट्टी नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

बोलत होती ती व्यवस्थित. आवाज जरा खाली बसलेला वाटायचा, एकाच पट्टीतला, आणि संध्याकाळपर्यंत दमायचा. मी म्हटलं, जखम ओली आहे, येईल. अलीकडं कुणी आलं की बाबल्याचा पोरगा पत्र्याचा डबा बडवायचा. तो डबा वाजला की माझं डोकं फिरायचं. पॅसेंजर म्हणायचे, “विश्राम, डबा बरा आहे की रे, लांबवर जातो.” त्यांना काय कळणार? लांबवर जायला काय, गाढवसुद्धा ओरडतं.

महिना उलटला. मी रोज वाट बघायचो. तिला विचारायचं धाडस होत नव्हतं आणि तीही विषय काढत नव्हती. मग एका दुपारी मीच म्हटलं, “पलीकडं जाऊन बसतो. एसटी यायला वेळ आहे.” तिला कळलं. मला कळलं की तिला कळलंय. ती म्हणाली, “जा.”

मी पलीकडं गेलो, होडी बांधली. जांभळीखाली बसलो नाही, पाण्याच्या कडेला उभा राहिलो. वारा पडलेला होता, भरतीचं पाणी अगदी आरशासारखं. असल्या पाण्यावरून तिची हाक कानात बोलल्यासारखी यायची. समोर धक्क्यावर ती आली. बोटाएवढी. तिनं पदर कमरेला खोचला. मान जरा वर केली. आणि तिचं अंग पुढं झुकलं, हाक घालताना झुकायचं तसं.

काही आलं नाही.

मी श्वास रोखून उभा. पाण्याची चुळबुळ, मागं रस्त्यावर कुठली तरी सायकल, बाकी काही नाही. ती पुन्हा झुकली. पुन्हा काही नाही. डॉक्टरांची ती वरची, बारीक नस, गाणाऱ्यांना लागणारी. ती वरच्या टोकाच्या चिमट्यात गेली असणार, हे मला तेव्हा तिथं उभ्या उभ्या समजलं. कुणाला बोल लावायचा? त्यांनी तिला श्वास दिला होता, बोलणं दिलं होतं. आम्ही हाक मागायला विसरलो नव्हतो, तिनं तर पहिलाच प्रश्न तो विचारला होता. पण आमची हाक कुठून निघते आणि कुठं पोचते ते त्यांना सांगणार कोण, आणि कसं?

ती तिथंच उभी होती. हात खाली लोंबकळत. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ती माझ्याकडं बघत होती. मला सहन होईना. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, “आलोऽऽऽ!”

होडी सोडली आणि असा काही वल्हवत सुटलो की तेवढ्यात आलेल्या एसटीच्या पॅसेंजरांनी मागून शिव्या घातल्या. 

मी पोचेपर्यंत ती घरात गेली होती. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो. तिनं भात वाढला, कालवण वाढलं. समोर बसली. मी मान खाली घालून जेवत होतो.

“ऐकू आलं?” तिनं विचारलं.

“आलं की. ऐकू आलं म्हणून तर आलो.”

“काय म्हटलं मी?”

“काय म्हणणार? नेहमीचंच. ओऽऽ म्हणून.”

मी वर बघितलं तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम.

“किती खोटं बोलता हो.”

“खोटं काय त्यात? आलं ऐकू. जरा बारीक आलं, पण आलं.”

“मी ओऽऽ म्हटलंच नाही,” ती म्हणाली. “आवाज वर जात नाही ते मला आठ दिवसांपूर्वीच कळलंय. तुम्ही नसताना करून बघितलं मी. आज मी तुमचं नाव घेतलं.”

माझा घास हातातच राहिला.

“माझं नाव?”

“हो.”

“उखाण्यात?”

“उखाणा कशाला? नुसतं. दोनदा.” ती लाजली. त्या वयात, त्या नव्या व्रणाच्या गळ्यानं, कानापर्यंत लाजली. “ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर घेतलं.”

मी ताट सरकवलं. “मग आता घे. इथं कोण आहे? मी एकटाच आहे. हळू घे. पुटपुट हवं तर.”

“आता नाही.”

“द्वारके, एकदाच.”

“अहो, मी नाव घेतलं, तुम्ही ओ दिलीत,” ती म्हणाली आणि माझं ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं. “पुरे झालं की.”

त्यानंतर खूप वर्षं जगली ती, सुखानं श्वास घेत, आडवी झोपत. मी रागावून मागितलं, लाडीगोडी लावून मागितलं, शेवटच्या दुखण्यात तिचा हात हातात घेऊन मागितलं. हसायची नुसती. तिला पुरे झालं होतं. मला अजून नाही झालं.